वजनाच्या ऑपरेशननंतरच्या रक्ततपासण्या: कधी करायच्या, काय मागायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

वजन उतरवण्याचं ऑपरेशन झालं की पहिलं वर्ष आनंदात जातं. मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना धाप लागत नाही, कपाटातले जुने कपडे पुन्हा अंगाला येतात. याच वर्षात शरीरातले जीवनसत्त्वांचे साठे हळूहळू उपसले जात असतात आणि ते वजनकाट्यावर दिसत नाही. प्रत्येक साठ्याची मुदत वेगळी. थायमिन, म्हणजे बी-१, जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतं. लोह काही महिन्यांत खाली येऊ लागतं. बी-१२ यकृतात इतकं साठवलेलं असतं की कमतरता दिसायला दोन-तीन वर्षंही लागतात. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी, त्यामुळे त्याला ती लवकर गाठते. म्हणून सहा महिन्यांनी ‘सगळं नॉर्मल’ असा रिपोर्ट आला, तरी त्यावरून पाचव्या वर्षाबद्दल काहीच कळत नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटचे रिपोर्ट वर्षानुवर्षं बघते. नव्याने या वाटेवर आलेल्यांना मला एक गोष्ट ठासून सांगायची असते: एकट्या रिपोर्टवरून फारसं कळत नाही, ओळीने लावलेले चार रिपोर्ट पाहिले की कळतं. ते कसे जमवायचे, कसे वाचायचे, हे पुढे सांगते. डोस ठरवणं हे तुमच्या सर्जनचं आणि फिजिशियनचं काम आहे. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत, म्हणून दिले आहेत.

आधी ऑपरेशनचा कागद काढा

‘माझं बॅरिअ‍ॅट्रिक झालंय’ एवढं सांगून भागत नाही. कोणतं झालंय, यावर तपासण्यांची यादी ठरते.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागातून, ड्युओडिनममधून, जातच नाही. लोह आणि कॅल्शियम सगळ्यात चांगलं शोषलं जातं ते नेमकं तिथे. मिनी बायपास आपल्याकडे बराच होतो. त्यात वगळलेलं आतडं बहुधा १५० ते २०० सेंटिमीटर असतं, म्हणून लोहाबरोबर प्रथिनं आणि ए, डी, ई, के या चरबीत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांकडेही लक्ष द्यावं लागतं. ड्युओडिनल स्विच (स्लीव्ह करून शिवाय लहान आतड्याचा बराच मोठा भाग वगळतात ते ऑपरेशन) झालं असेल तर सगळ्यात कडक देखरेख लागते.

स्लीव्हवाल्यांकडून एक वाक्य नेहमी ऐकू येतं: ‘माझं आतडं शाबूत आहे, मला गोळ्या कशाला?’ जठराचा जो भाग काढला, तिथेच आम्ल तयार होत होतं आणि बी-१२ शोषायला लागणारा इन्ट्रिन्सिक फॅक्टरही तिथेच बनत होता. आम्ल कमी झालं की जेवणातलं लोह आणि बी-१२ नीट सुटं होत नाही. त्यात जेवण वाटीभर. शिवाय पहिले काही महिने बहुतेकांना पँटोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असते, आणि मधुमेह असेल तर मेटफॉर्मिनही. दोन्ही औषधं दीर्घकाळ घेतली की बी-१२ आणखी खाली जातं. तेव्हा स्लीव्ह झालं असलं तरी गोळ्या आणि तपासण्या चुकत नाहीत.

डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नेमकं नाव नसेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून ‘ऑपरेशन नोट्स’ची प्रत मागून घ्या. बायपास किंवा मिनी बायपास असेल तर किती सेंटिमीटर आतडं वगळलं तेही त्यात लिहिलेलं असतं. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हाच कागद लागेल.

ऑपरेशनआधीचे आकडे

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर ही संधी सोडू नका. वजन जास्त असलेल्या माणसात डी जीवनसत्त्व आणि लोह आधीच कमी असणं अगदी नेहमीचं आहे. खाणं भरपूर होतं, म्हणजे पोषणही भरपूर होतं, असं नसतं. ऑपरेशनआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा), बी-१२, फोलेट (बी-९), डी, कॅल्शियम, पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) एवढं तपासून जे कमी असेल ते भरून काढायला दोन-तीन महिने मिळाले तर पुढचा त्रास बराच वाचतो.

ऑपरेशन होऊन गेलं असेल तर त्या वेळचे रिपोर्ट फाईलमधून शोधा. फिटनेससाठी बरंच रक्त तपासलेलं असतं, फक्त ते नंतर कुणी उघडून बघत नाही.

वेळापत्रक

पहिल्या वर्षात तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. त्यानंतर दरवर्षी एकदा, आयुष्यभर. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या बॅरिअ‍ॅट्रिक संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांतही साधारण हाच क्रम आहे. मधे काही कमी निघालं आणि उपचार सुरू झाले, तर त्या एका घटकाची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा.

‘आयुष्यभर’ हा शब्द ऐकून लोक मनातल्या मनात ‘दोन-तीन वर्षं’ असं ऐकतात. पहिली दोन वर्षं सर्जनकडून फोन येतात, डाएटिशियन विचारपूस करते, मग ते थांबतं. खरी गळती त्यानंतर सुरू होते. म्हणून वार्षिक तपासणीला एक तारीख बांधून टाका. वाढदिवसाचा आठवडा किंवा ऑपरेशनच्या तारखेचा आठवडा, काहीही चालेल. ऐन दिवाळीत नको. फराळ आणि पाहुण्यांच्या गडबडीत ती हमखास पुढे ढकलली जाते.

चिठ्ठीवर काय असावं

सगळ्यांसाठी: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, सीरम आयर्न आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता), बी-१२, फोलेट, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड. थायरॉइडची गोळी चालू असेल तर टीएसएच, कारण वजन उतरलं की डोस बदलावा लागतो. बायपास आणि मिनी बायपासला याच्या जोडीला झिंक, कॉपर आणि व्हिटॅमिन ए. ड्युओडिनल स्विचला ई, सेलेनियम आणि के साठी पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणीही.

लॅबचं ‘फुल बॉडी पॅकेज’ घेताना यादी ओळीने वाचा. तिथे टेस्टची संख्या मोठी दिसते, कारण सीबीसीमधला एकेक आकडा वेगळी टेस्ट म्हणून मोजलेला असतो. फेरिटिन, पीटीएच, झिंक, कॉपर हे आपल्याला हवे असलेले चार घटक मात्र पुष्कळ पॅकेजमध्ये नसतात. पॅकेज स्वस्त पडत असेल तर जरूर घ्या आणि हे चार वरून जोडून घ्या.

पैशांची ओढाताण असेल आणि सगळं एकदम जमत नसेल, तर माझ्या मते सीबीसी, फेरिटिन, बी-१२, डी, कॅल्शियम, पीटीएच आणि अल्ब्युमिन ही सात कधीही सोडू नयेत. बाकीच्या तपासण्या त्रास आणि ऑपरेशन पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. खर्चापायी संपूर्ण वर्षाची तपासणीच टाळणं मात्र फार महागात जातं, कारण नसांना झालेली इजा नंतर पुरती भरून येईलच असं नाही.

थायमिनसाठी रिपोर्टची वाट बघू नका

हा भाग घरच्यांनाही वाचायला द्या.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत सतत उलट्या होत असतील, दोन-तीन दिवस पोटात काही टिकत नसेल, तर बी-१ संपायला वेळ लागत नाही. पुढची लक्षणं अशी: डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, बुबुळं थरथरणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, पाय जड होणं, पायांना मुंग्या. मेंदूच्या या आजाराला वर्निके एन्सेफलोपॅथी म्हणतात. उपचार वेळेत झाले तर माणूस सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्तीवर आणि चालण्यावर कायमचा परिणाम राहू शकतो.

थायमिनची तपासणी सगळ्या लॅबमध्ये होत नाही, नमुना बाहेर पाठवतात आणि रिपोर्टला दिवस लागतात. तेवढा वेळ नसतो. संशय आला की डॉक्टर थेट शिरेतून थायमिन देतात. जवळच्या छोट्या दवाखान्यात गेलात आणि अशक्तपणासाठी ग्लुकोजची सलाईन लावायची तयारी सुरू झाली, तर नम्रपणे पण स्पष्ट सांगा: ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या होतायत, आधी थायमिन द्या.’ थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ वापरलं जाऊन प्रकृती एकदम बिघडू शकते. हे वाक्य एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावं, असं मी प्रत्येक पेशंटला सांगते. उलट्या करणारा माणूस स्वतः बोलण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही.

रक्त देण्याआधी

आठ ते बारा तास उपाशी राहून सकाळी जा. साधं पाणी चालतं, आणि प्यायलंच पाहिजे. शरीरात पाणी कमी असलं की शीर सापडत नाही आणि काही आकडे उगाच वाढलेले दिसतात. लोहाची गोळी आदल्या दिवशीपासून बंद ठेवा, नाहीतर सीरम आयर्न खोटं वर येतं. मल्टिव्हिटॅमिन त्या सकाळी रक्त दिल्यानंतरच. बी-१२ चं मासिक इंजेक्शन चालू असेल तर पुढचं इंजेक्शन घेण्याच्या अगदी आधी रक्त द्या. इंजेक्शननंतर लगेच तपासलं तर आकडा आभाळाला भिडलेला दिसतो आणि त्याचा काही उपयोग नसतो. ताप, सर्दी-खोकला किंवा कसलाही संसर्ग नुकताच होऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा.

आता बायोटिनबद्दल. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. वजन झपाट्याने उतरल्याचा तो परिणाम असतो आणि बहुतेकांचे केस पुन्हा येतात. घाबरून माणूस मेडिकलमधून केसांच्या गोळ्या आणतो, त्यात ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. एवढं बायोटिन रक्तात असेल तर काही यंत्रांवरच्या तपासण्या चुकतात: टीएसएच आणि पीटीएच खोटं कमी दिसतं, बी-१२ आणि डी खोटं जास्त. म्हणजे कमतरता असूनही रिपोर्ट चांगला येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये बायोटिनमुळे होणाऱ्या अशा चुकांबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी ही गोळी थांबवा आणि लॅबमध्येही सांगा. केसांसाठी खरं बघायचं असतं ते प्रथिनं, फेरिटिन आणि झिंककडे.

लॅब शक्यतो एकच ठेवा, एनएबीएल (लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय) मान्यता असलेली. झिंक आणि कॉपरसाठी वेगळी ट्यूब लागते, व्हिटॅमिन ए चा नमुना उजेडापासून जपावा लागतो, पीटीएचचा लवकर वेगळा करून थंड ठेवावा लागतो. घरी रक्त न्यायला येणार असतील तर या तपासण्यांचा उल्लेख आधीच फोनवर करा, म्हणजे येणारा मुलगा योग्य ट्यूब घेऊन येईल.

लोहाचे आकडे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. हिमोग्लोबिन १२.५ आलं की लोक निर्धास्त होतात. हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली ठेव. ठेव मोडून घरखर्च चालू असतो तोवर हातात पैसे दिसतात. फेरिटिन ३० नॅनोग्रॅमच्या खाली गेलं की साठा संपत आलाय असं समजायचं, हिमोग्लोबिन काहीही असो. अनेक लॅब फेरिटिनची खालची मर्यादा १० किंवा १५ छापतात, त्यामुळे १८ आकड्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. आपल्यासाठी १८ हा नॉर्मल नाही.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. शरीरात कुठेही सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन वाढतं. ते ८० आलंय, पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) २० टक्क्यांच्या खाली आहे, असं असेल तर लोहाची कमतरता लपलेली असू शकते. म्हणूनच फेरिटिन एकटं करू नये, आयर्न आणि टीआयबीसी जोडीला हवं; त्या दोन्हींवरून सॅच्युरेशन निघतं.

सीबीसीमध्ये एमसीव्हीकडे बघा, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकाराकडे. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं तर सरासरी मधोमध येते आणि एमसीव्ही साळसूद दिसतो. अशा वेळी सीबीसीमधलाच आरडीडब्ल्यू हा आकडा वाढलेला असतो. लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ झालीय, हे त्यावरून कळतं. आणि एमसीव्ही खूप कमी आहे पण फेरिटिन चांगलं आहे, असं दिसलं तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक, सहसा सौम्य दोष) आहे का हे एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या तपासणीने एकदा बघून घ्यावं. आपल्याकडे सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत तो जास्त आढळतो, पण इतरांतही असतो. अशा माणसाला उगाच लोहाच्या गोळ्या चारण्यात अर्थ नसतो.

पाळी चालू असलेल्या बायकांना लोहाची गरज सगळ्यात जास्त. अमेरिकन संघटनेच्या सूचनांनुसार त्यांना, तसंच बायपास आणि स्लीव्ह झालेल्यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम एलिमेंटल, म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष, लोह लागतं. गोळ्या नियमित घेऊनही फेरिटिन वर येत नसेल तर गोळी बदलत बसण्यापेक्षा शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. आतडं वगळलेल्या माणसात तोंडाने घेतलेल्या लोहाला मर्यादाच असते. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घ्यावी लागत असतील तर फॉस्फरस तपासून घ्या, कारण या औषधाने तो खाली जाऊ शकतो.

एचबीएवनसीबद्दल एक लक्षात ठेवा. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढलेला दिसू शकतो. घरच्या ग्लुकोमीटरवर साखर चांगली आहे, तरी एचबीएवनसी वर गेला, तर मधुमेह परतला असं मानण्याआधी फेरिटिन बघा.

बी-१२ आणि फोलेट

२०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ४०० हा धूसर पट्टा. इथे पायाला मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा, अंधारात चालताना तोल जाणं यातलं काही असेल तर उपचार लांबवू नयेत. शंका राहिली तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची तपासणी जास्त नेमकी असते.

आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक लोहाच्या गोळीत फोलिक अ‍ॅसिड असतं. फोलिक अ‍ॅसिड भरपूर मिळालं की बी-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय सुधारतो, सीबीसी छान दिसतो, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून सीबीसी चांगला आहे एवढ्यावर बी-१२ ची तपासणी गाळू नका.

नेहमीची मात्रा तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन अशी सांगितली जाते. ‘अशक्तपणा वाटतो’ म्हणून मनानेच घेतल्या जाणाऱ्या बी-कॉम्प्लेक्सच्या तीव्र गोळ्या-इंजेक्शनांत बी-६ मोठ्या मात्रेत असतं, आणि ते जास्त दिवस चाललं तर त्यानेही हातापायांना मुंग्या येतात. मुंग्यांसाठी घेतलेलं औषधच मुंग्यांचं कारण होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा.

हाडांचे आकडे: तिन्ही एकत्र वाचायचे

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, याने हाडांबद्दल काहीच कळत नाही. ते नॉर्मल ठेवण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, आणि ते काम पीटीएच हे संप्रेरक करतं. म्हणून डी, कॅल्शियम आणि पीटीएच शेजारी शेजारी ठेवून बघायचं. डी ३० नॅनोग्रॅमच्या वर असूनही पीटीएच वाढलेलं असेल, तर बहुतेक वेळा पोटात कॅल्शियम कमी पडतंय. डी कमी आणि पीटीएच जास्त असेल तर आधी डी भरून काढायचं. अल्कलाइन फॉस्फटेजही वर गेलं असेल तर हाडांची झीज सुरू झाल्याची शंका घ्यावी. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, त्यामुळे डॉक्टर तो आकडा दुरुस्त करून वाचतात.

स्लीव्ह आणि बायपासला दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, जेवण आणि गोळ्या धरून. सायट्रेट घ्यावं, कारण त्याला आम्ल लागत नाही. पाकिटावर बारकाईने बघा: ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम साधारण २१० मिलिग्रॅमच असतं. मोजायचं ते एलिमेंटल कॅल्शियम. एका वेळी ५०० ते ६०० च्या वर घेऊन फायदा नाही, शोषलं जात नाही.

डी ची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक असते. चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेतल्याने डी जीवनसत्त्वाची विषबाधा होते, तहान, मळमळ, बद्धकोष्ठता आणि मूत्रपिंडाचा त्रास होतो. आणि ठरलेला कोर्स संपला की पुढे काय घ्यायचं, हे विचारायला विसरू नका. कोर्स संपतो, आकडा वर येतो, गोळी थांबते आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यासारखं. डी ची देखभालीची मात्रा कायम चालू ठेवायची असते. ३००० युनिट रोज हा नेहमी सांगितला जाणारा आकडा आहे.

बाकीचे

झिंक आणि कॉपर जोडीने. केसांसाठी किंवा प्रतिकारशक्तीसाठी झिंक जास्त घेतलं की कॉपरचं शोषण अडतं. कॉपर कमी झालं की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, चालताना तोल जातो. चित्र अगदी बी-१२ च्या कमतरतेसारखं. बी-१२ भरून काढूनही मुंग्या आणि तोल सुधारत नसेल तर कॉपर तपासलंच पाहिजे. ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम कॉपर, हे प्रमाण मल्टिव्हिटॅमिन निवडताना बघावं.

व्हिटॅमिन ए कमी झालं की संध्याकाळनंतर दिसायला त्रास होतो. रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी फार बुजायला झालं तर तेही डॉक्टरांना सांगा.

अल्ब्युमिन ३.५ च्या खाली आणि पावलांवर सूज असेल, विशेषतः मिनी बायपासनंतर, तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका. सर्जनला लगेच भेटा.

गोळ्या घेऊनही आकडे वर येत नसतील तर

बऱ्याचदा गोळ्या चुकीच्या वेळी पडत असतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियममुळे लोहाचं शोषण अडतं. दोन तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीनेही लोह अडतं. थायरॉइडच्या गोळीपासून लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब. आपल्या घरातल्या दिवसात हे असं बसवता येतं: उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने चहा, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, चारचा चहा, रात्रीच्या जेवणानंतर दुसरं कॅल्शियम, झोपताना लिंबूपाण्याबरोबर लोह. तिसरं कॅल्शियम लागत असेल तर ते सकाळी अकरा-साडेअकराला. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असेल तर तेही कॅल्शियमपासून दूर.

उपवासाच्या दिवशी गोळ्या बंद ठेवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. श्रावण आणि चातुर्मासात अंडी-मासे बंद होतात, त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी; त्या महिन्यांत बी-१२ आणि प्रथिनं आधीच कमी मिळतात, त्यात गोळ्याही गेल्या की आकडे घसरतात. उपवास करा, पण गोळ्या आणि पाणी चालू ठेवा. निर्जळी उपवास मात्र ऑपरेशननंतर करू नये, असं मी स्पष्टपणे सांगते.

चवीला गोड गमी स्वरूपातली जीवनसत्त्वं यासाठी पुरेशी नसतात. त्यांत लोह बहुधा नसतंच, बाकीची मात्राही अपुरी.

नोंद ठेवा

एक साधी वही किंवा मोबाइलमधली शीट. डावीकडे तपासण्यांची नावं, वर तारखा. आकडा लिहा, एककही लिहा. ‘नॉर्मल’ असं लिहू नका. फेरिटिन ९०, ६२, ४१, २८ असं ओळीने दिसलं की दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यालाच उतरण लक्षात येते आणि तिथेच डोस सुधारता येतो. सुटे रिपोर्ट चारही वेळा ‘नॉर्मल’ म्हणाले असते. प्रत्येक तारखेखाली त्या वेळी कोणत्या गोळ्या, कोणत्या मात्रेत चालू होत्या तेही लिहा, नाहीतर आकडा कशामुळे बदलला हे कळत नाही.

दुबई, लंडन, टोरंटोकडे राहायला गेलेल्यांनी एकक जास्त काटेकोर लिहावं. तिकडे डी जीवनसत्त्व बऱ्याचदा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात; १ नॅनोग्रॅम म्हणजे २.५ नॅनोमोल. इथला ३० तिथे ७५ दिसतो. एकक न बघता तुलना केली तर डी अडीचपट वाढल्याचा आनंद होईल.

बाळाचा विचार असेल तर

ऑपरेशननंतर निदान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता वाढते, त्यामुळे गर्भनिरोधनाबद्दल सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी आधीच बोला. दिवस राहिल्यावर दर तिमाहीत फेरिटिन, बी-१२, फोलेट, डी, कॅल्शियम बघावं लागतं. व्हिटॅमिन ए रेटिनॉलच्या स्वरूपात जास्त घेणं बाळाला धोक्याचं असतं, म्हणून नेहमीचं मल्टिव्हिटॅमिन तसंच चालू न ठेवता डॉक्टरांना दाखवा.

गरोदरपणातल्या मधुमेहासाठी आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात. बायपास झालेल्या बाईला त्याने घाम, धडधड, जुलाब, घेरी असा जोराचा त्रास होऊ शकतो. तुमचं ऑपरेशन झालंय हे नाव नोंदवतानाच सांगा. त्याऐवजी काही दिवस घरी ग्लुकोमीटरने जेवणाआधी आणि नंतर साखर मोजण्याचा मार्ग असतो.

तीन-चार वर्षं तपासणीच केली नसेल तर

लाजू नका आणि मनाने गोळ्या सुरूही करू नका. आधी रक्त द्या, मग गोळ्या. तसं केलं नाही तर खरी कमतरता किती होती हे कधीच कळत नाही. एक अपवाद आहे: हातापायांना मुंग्या, तोल जाणं, दुहेरी दिसणं किंवा सतत उलट्या असं काही असेल तर रक्त काढून त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत. मूळ सर्जन भेटत नसतील तर फॅमिली डॉक्टरांकडे ऑपरेशन नोट्स आणि वरची यादी घेऊन जा आणि चिठ्ठी लिहून घ्या. रिपोर्ट आले की ते वहीत पहिल्या रकान्यात उतरवा, आणि बाहेर पडण्याआधी तीन महिन्यांनंतरची तारीख मागून घ्या.